खापर कुणाच्या अक्षरातलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला प्राचीन अथेन्सच्या लोकशाहीवरचा लेख वाचला. लेखकांचा अभ्यास दांडगा असेल, त्यात मला पडायचं नाही, पण ॲरिस्टायडीज या तिथल्या पुढाऱ्याची ती गोष्ट पुन्हा एकदा सांगायची (ज्याला हद्दपार करायचं त्याचं नाव खापरावर लिहून तिथे मत द्यायचे; अडाणी शेतकरी त्यालाच खापर देऊन म्हणतो यावर ॲरिस्टायडीज लिही, आणि हा मुकाट लिहून देतो) आणि त्यावरून थेट 'शेवटच्या माणसालाही मताचा अधिकार' अशी उडी मारायची, हे काय आहे? घटना इ.स.पू. ४८२ ची आणि चरित्रकार प्लुटार्कबुवा ती सांगतायत साडेपाचशेहून जास्त वर्षांनी. आणि शेवटचा माणूस म्हणजे कोण हो? लॉरियनच्या चांदीच्या खाणीत राबणारे गुलाम? बायका? अथेन्समध्येच जन्म काढून टॅक्स भरणारे मेटिक, म्हणजे परके रहिवासी? यातल्या कुणालाच मत नव्हतं. असो.

माझं दुखणं वेगळंच आहे. रिटायर झाल्यावर आम्ही दोघं एका टूरबरोबर ग्रीस-इटलीला गेलो होतो. अथेन्सच्या अगोराच्या, म्हणजे जुन्या बाजारचौकाच्या म्युझियममध्ये काचेच्या कपाटात ही खापरं ठेवलीयत, फुटक्या भांड्यांचे तुकडे, त्यावर टोकदार काहीतरी घेऊन कोरलेलं थेमिस्टोक्लीजचं नाव, आपल्या मतदार यादीसारखं बापाच्या नावासकट. ज्या सेनापतीने सालामिसच्या समुद्रावरच्या लढाईत इराण्यांचं आरमार बुडवलं त्यालाच दहा वर्षं हद्दपार करायला! मी वाकून अक्षरं बघतोय तोच टूर मॅनेजर, "काका चला, बस सुटतेय." अख्ख्या अगोराला २५ मिनिटं. त्यानंतर चामड्याच्या वस्तूंच्या दुकानात मात्र दीड तास, तिथे कुणाला घाई नव्हती. हिने पर्स घेतली, तिची चेन तिसऱ्या महिन्यात तुटली.

अक्षरं का बघायची होती ते सांगतो. १९३७ साली अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावर एका विहिरीत १९० च्या आसपास खापरं सापडली, बरीचशी पेल्यांची बुडं, सगळ्यांवर थेमिस्टोक्लीजचंच नाव आणि हस्ताक्षरं जेमतेम १४ जणांची! म्हणजे माल आधीच लिहून तयार, मतदार आला की टेकवा हातात. अडाण्यांची सोय म्हणा नाहीतर विरोधी गटाचं सेटिंग म्हणा, पण अडाणी माणसाच्या मताबद्दल लिहायचं तर हे आधी लिहायला नको? पानभर जागा होती की, आणि याच्यावर एक ओळ नाही.

वर 'लोकांनी निवडून दिलेलं ५०० जणांचं मंडळ' असं ठोकून दिलंय. अहो ते निवडून यायचे नाहीत, म्हाडाच्या घरांसारखी सोडत निघायची त्यांची! मतं देऊन निवडायचे ते १० सेनापती वगैरे, बाकी बहुतेक सगळा कारभार सोडतीवर. मला तर ही आयडिया उलट आवडते, पण ते जाऊ दे.

ता.क. लेखाबरोबर छापलेला फोटो कोलोसियमचा आहे. ते रोमला आहे आणि पूर्ण झालं इ.स. ८० च्या सुमारास, तोवर तुमच्या लेखातलं अथेन्स संपून चारशे वर्षं होऊन गेली होती. मी खात्रीने सांगतो कारण त्याच टूरने तिथेही नेलं होतं, बसमधूनच दाखवलं.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे