बदली डॉक जुने बॅकअप वाचत नाही, आणि तुमची सेवा सांगते 'फॉरमॅट करा'

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक सेवा विभाग

विषय: वॉरंटीत बदलून दिलेल्या डिस्क डॉकबाबत तक्रार

डिस्क यूएसबीने संगणकाला जोडणारा तुमचा डॉक बदलून आला. त्यावर मॉडेल क्रमांक तोच आहे, पण आतली यूएसबी-साटा ब्रिज चिप (डिस्क आणि यूएसबी यांच्यातला दुवा) वेगळी आहे. जुना डॉक डिस्कचा लॉजिकल सेक्टर (डिस्कवरची जागा मोजायचं एकक) ४०९६ बाइटचा दाखवायचा, हा ५१२ चा दाखवतो. ४ टीबीच्या डिस्कवर एमबीआर (डिस्कच्या विभागांची नोंद ठेवायची जुनी पद्धत) पार्टिशन तुमच्याच युटिलिटीने केलं होतं. ५१२ च्या सेक्टरने एमबीआर साधारण २.२ टीबीपुढे मोजू शकत नाही, म्हणूनच तुम्ही ४०९६ चा मार्ग काढला होता. आता पार्टिशन सेक्टर २५६ वर सुरू होतं अशी नोंद वाचून नवा डॉक १ एमबीऐवजी १२८ केबीवर जातो. तिथे काहीच नाही. म्हणून विंडोज सुमारे ५०० जीबीचं 'रॉ', म्हणजे फाइल सिस्टम न ओळखलेलं, पार्टिशन दाखवतं आणि फॉरमॅट करायला सांगतं. बॅकअपसाठी आलटूनपालटून वापरली जाणारी प्रत्येक डिस्क अशीच दिसते. डिस्क ठणठणीत आहेत; स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत) एकही रीअलोकेटेड, म्हणजे खराब म्हणून बदललेला, सेक्टर नाही.

हे सगळं फोनवर सांगितलं. उत्तर: केबल बदला. मग पोर्ट बदला. मग चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) चालवा. रॉ ड्राइव्हवर चेकडिस्क चालत नाही, ते स्वतःच तसं सांगून थांबतं. त्यानंतर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "फॉरमॅटचा मेसेज येतोय ना? मग फॉरमॅट करा, डिस्क चालू होईल." हा बॅकअप आहे, असं सांगितलं. "मग आधी डेटा दुसरीकडे कॉपी करून घ्या." जी डिस्क उघडत नाही म्हणून फोन केला, तिच्यावरून कॉपी! वरिष्ठांकडे फोन गेला तर ते म्हणाले, "बॅकअपची दुसरी प्रत ठेवायला हवी होती." दुसरी प्रत आहे, तिसरीही आहे. सगळ्या तुमच्याच डॉकमध्ये लिहिलेल्या आहेत आणि एकही वाचता येत नाही.

फॉरमॅट केलं असतं तर काय झालं असतं, हे तुमच्या सेवा विभागाला माहीत असायलाच हवं. व्हिस्टापासून पुढे विंडोजचं पूर्ण फॉरमॅट पार्टिशनभर शून्यं लिहितं. म्हणजे सुरुवातीचे ५०० जीबी गेले, आणि एनटीएफएसचा (विंडोजच्या फाइल सिस्टमचा) बूट सेक्टर व एमएफटी (सगळ्या फायलींची नोंदयादी) सहसा त्यातच असतात. क्विक फॉरमॅटही नव्या नोंदी जुन्या डेटावरच लिहितं. बॅकअपच्या डिस्कवर 'फॉरमॅट करा' हा सल्ला कोणत्याही सेवा केंद्रातून जाता कामा नये.

डेटा शाबूत आहे, हे तपासून झालं आहे. लिनक्सवर डिस्क फक्त-वाचन ठेवून ४०९६ सेक्टर आकाराचं लूप डिव्हाइस (तीच डिस्क हव्या त्या सेक्टर आकाराने दाखवणारं आभासी उपकरण) जोडलं, की पार्टिशन दिसतं आणि फायली उघडतात. म्हणजे दोष डॉकचाच. पण सर्व्हर बंद पडल्यावर रिस्टोअर करणाऱ्याने आधी लूप डिव्हाइस जोडत बसायचं का?

टेपऐवजी काढता-घालता येणाऱ्या डिस्क घ्या, कुठेही लावा आणि वाचा, असं सांगून तुम्ही हा डॉक विकता. टेपवाले निदान आधी सांगतात: एलटीओ या टेप प्रकारात सातव्या पिढीचा, म्हणजे एलटीओ-७ चा ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचतो, एलटीओ-८ चा एकच. तुम्ही त्याच मॉडेल क्रमांकाखाली चिप बदलली आणि खोक्यावर, माहितीपुस्तिकेत, तुमच्या साइटवर त्याचा एक शब्द नाही.

मागण्या स्पष्ट आहेत. ४०९६ सेक्टरचा पर्याय देणारं फर्मवेअर (डॉकच्या आतलं सॉफ्टवेअर) द्या, नाही तर जुन्या चिपचा डॉक द्या. लॉजिकल सेक्टरचा आकार खोक्यावर छापा आणि चिप बदलली तर मॉडेल क्रमांकही बदला. आणि फोनवरच्या उत्तरांतून ते 'फॉरमॅट करा' आजच काढा. पुढचा ग्राहक ते ऐकेल आणि त्याचा डेटा खरंच जाईल.

लेखी उत्तर हवं आहे, फोन नको. ते आलं नाही तर डॉक परत घेऊन पूर्ण रक्कम द्या. बॅकअप टेपवर जाईल, आणि त्याचं कारण खरेदीच्या नोंदीत तुमच्या मॉडेल क्रमांकासह लिहिलं जाईल.