राजाने नाट्यगृहे उघडली, पण कोणासाठी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंग्लंडमध्ये १६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या धर्मसुधारकांनी, बंद पाडलेली रंगभूमी राजाश्रयाने पुन्हा बहरली, असे आपल्याकडे इंग्रजी साहित्याच्या वर्गांत व नाट्यविषयक लेखांत सर्रास सांगितले जाते. हे सारे श्रेय एकट्या राजाच्या पदरात टाकणे इतिहासाला धरून नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

पार्लमेंटने सप्टेंबर १६४२ मध्ये नाटकांवर बंदी घातली आणि १६४८ मध्ये नाट्यगृहे पाडण्याचे व नटांना फटके मारण्याचे फर्मान काढले, हे खरेच आहे. तरीही चोरून प्रयोग होत राहिले. राजेशाही मोडून सत्तेवर आलेला प्युरिटन नेता क्रॉमवेल हयात असतानाच, १६५६ मध्ये, नाटककार विल्यम डॅव्हनंट यांनी लंडनच्या रटलंड हाउसमध्ये ‘द सीज ऑफ ऱ्होड्स’ सादर केले. ते नाटक म्हणून नव्हे, तर गायनाचा कार्यक्रम म्हणून, कारण संगीताला बंदी नव्हती. बदलते रंगीत देखावे आणि स्त्रीच्या भूमिकेत प्रत्यक्ष स्त्री या ज्या दोन गोष्टी चार्ल्सच्या राजवटीची देणगी मानल्या जातात, त्या दोन्ही या प्रयोगात होत्या.

राजाने ऑगस्ट १६६० मध्ये जे दिले, ती मक्तेदारी होती. डॅव्हनंट आणि टॉमस किलिग्रू या दोन मर्जीतल्या माणसांनाच लंडनमध्ये नाटक मंडळी चालवण्याचा अधिकार मिळाला. बंदी शिथिल होताच ज्यांनी आपल्या हिमतीवर प्रयोग सुरू केले होते, त्यांना एक तर या दोघांच्या पदरी नोकरी धरावी लागली किंवा गाशा गुंडाळावा लागला. जॉर्ज जॉली या नटाची हकिगत तर मनाला लागते. बंदीच्या वर्षांत जर्मनीत फिरती मंडळी चालवून त्याने आपली कला जगवली होती आणि त्याला स्वतंत्र परवानाही मिळाला होता. तो दौऱ्यावर गेला असताना या दोघांनी त्याचा परवाना भाड्याने घेतला, पुढे तो आपण विकतच घेतल्याचे राजाला भासवले आणि जॉलीचा हक्क रद्द करवला. अखेर त्याला त्यांच्याच हाताखाली, नवे नट घडवणाऱ्या नाट्यगृहात काम करावे लागले.

प्रेक्षकांचेही तेच झाले. शेक्सपिअरच्या काळी ग्लोबच्या अंगणात एका पेनीत उभे राहून नाटक पाहता येत असे. राजाच्या सनदेवर चालणाऱ्या नाट्यगृहांत मात्र सर्वांत वरच्या गॅलरीलाच १ शिलिंग, म्हणजे १२ पेन्स पडत आणि बॉक्सला ४ शिलिंग. लंडनचा शिकाऊ कारागीर तिथे रोज कसा जाणार?

१६६२ च्या सनदेत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच कराव्यात असे स्पष्ट लिहिले गेले आणि १६७० मध्ये ॲफ्रा बेन या लेखिकेचे पहिले नाटक डॅव्हनंट यांनी स्थापलेल्या ‘ड्यूकच्या मंडळी’ने रंगभूमीवर आणले, याचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. परंतु ज्या हाताने दारे उघडली, त्याच हाताने ती बंदही होत होती. राजाला पदच्युत करण्याचा प्रसंग असलेले शेक्सपिअरचे ‘दुसरा रिचर्ड’ नाटककार नेहम टेट यांनी १६८० मध्ये नव्याने रचले, तेव्हा त्यावर बंदी आली. नाव आणि स्थळ बदलूनही ते टिकू दिले नाही.

या दोन सनदांतून आलेली गंभीर नाटकांची मक्तेदारी कायद्याने संपायला १८४३ साल उजाडावे लागले. योगायोग असा, की त्याच वर्षी आमच्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले, तेही संस्थानिकांच्या आश्रयाने. राजाश्रयाची थोरवी आम्हाला वेगळी सांगावी लागत नाही. मात्र महाविद्यालयांत हा कालखंड शिकवताना चार्ल्सच्या रसिकतेबरोबर त्या सनदांतल्या अटी, तिकिटांचे दर आणि जॉलीचे काय झाले, हेही विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, अशी प्राध्यापक मंडळींना विनंती आहे.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली