मुक्काम कोर्दोबाला

मालागा, ४ सप्टेंबर

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

बाबा, माद्रिदला उतरल्यावर थेट मालागाची गाडी धरावी, वाटेत एका रात्रीची उठाठेव कशाला, असे तुम्ही रविवारी फोनवर विचारलेत. आईच्या गुडघ्याला विसावा हवा, असे मी तेव्हा उत्तर दिले. परंतु रेल्वेत हयात घालवलेल्या माणसाला ते पटणार नाही हे फोन ठेवताक्षणीच माझ्या ध्यानात आले. माद्रिद ते मालागा सुमारे पावणेतीन तास आणि माद्रिद ते कोर्दोबा पावणेदोन तास, म्हणजे या मुक्कामाने त्या दिवशीचा प्रवास अवघ्या तासाने कमी होतो. तेव्हा विसावा हे निमित्त आहे. खरे कारण तुमचे घड्याळ आहे, आणि ते फोनवर नीट सांगता येईना म्हणून हे पत्र.

ऑक्टोबरात आपल्यापेक्षा स्पेन साडेतीन तास मागे असतो. येथे रात्रीचे आठ वाजतील तेव्हा तुमच्या शरीराच्या हिशेबाने साडेअकरा झालेले असतील, आणि येथे पहाटेचे साडेतीन वाजले असताना तुम्ही दोघे मिरजेतले सकाळचे सात समजून टक्क जागे व्हाल. पहिले दोन-तीन दिवस हे असेच चालेल. म्हणून गाव निवडताना मी एकच गोष्ट पाहिली: संध्याकाळी लवकर झोपून पहाटे उठणाऱ्या माणसांना ते गाव काय देते.

तुम्ही सुचवलेले तोलेदो या कसोटीवर मागे पडले, आणि त्याचे मला वाईट वाटले. तीन बाजूंनी ताखो नदीचा वेढा आणि मधल्या टेकडीवर चढत गेलेली वस्ती, असे ते गाव आहे. पन्हाळ्यावर एखादे दाट शहर वसवले असते तर काहीसे तसे दिसले असते. माद्रिदहून ते अर्ध्या तासावर आहे, म्हणूनच दिवसभर तेथे सहलीच्या गर्दीचा लोंढा असतो. तो ओसरून गल्ल्यांत दिवे लागले की गावाचे खरे रूप दिसू लागते आणि नेमक्या त्या वेळी तुम्ही घोरत असाल. शिवाय तेथे लोहमार्ग संपतो. पुढे मालागाला यायचे तर सगळ्या बॅगा घेऊन पुन्हा माद्रिदलाच यावे लागते. सेगोव्हियाचा रोमन जलसेतू, चुन्याचा कणही न वापरता दगडावर दगड रचून उभा केलेला, तुम्हाला दाखवायची फार इच्छा आहे, परंतु ते गाव माद्रिदच्या उत्तरेला, म्हणजे आपल्या उलट दिशेला आहे आणि वेगवान गाडीचे स्थानकही गावाबाहेर माळावर आहे. ते नंतर कधीतरी पाहू.

कोर्दोबा मात्र आपल्या वाटेवरच आहे. तेथील मशीद, जी १२३६ साली फर्नांदो तिसरा या ख्रिस्ती राजाने शहर जिंकल्यापासून कॅथीड्रल आहे, सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठला उघडते आणि पहिला तासभर तिकीट लागत नाही. त्या तासात पर्यटकांचे जथे आत सोडत नाहीत. ऑक्टोबरात तेथे सूर्यच मुळी सव्वाआठनंतर उगवतो, त्यामुळे आपण आत जाऊ तेव्हा बाहेर नुकते उजाडलेले असेल. मी गेल्या वर्षी एकदा असे केले आहे. साडेआठशेहून अधिक खांब, आणि माझ्या आसपास जेमतेम वीस माणसे. नंतर पाहुण्यांना घेऊन भर दुपारी गेले, तेव्हा खांबांपेक्षा डोकीच जास्त दिसली.

बाबा, ते खांब तुम्ही जवळून पाहावेत असे मला वाटते. तेथला अमीर पहिला अब्द अल रहमान याने ७८५ च्या सुमारास काम सुरू केले, तेव्हा जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (अरबांच्या आधीचे तेथले राज्यकर्ते) इमारतींचे खांब आणून उभे केले. ते तयार खांब छताच्या उंचीला पुरेनात, म्हणून कारागिरांनी एका कमानीवर दुसरी कमान चढवली. लाल विटा आणि फिकट दगड आलटून पालटून बसवलेल्या त्या दुहेरी कमानींची कीर्ती जगभर झाली, पण तिचे मूळ अपुऱ्या मालात आहे. दोनशे वर्षांनी अल मन्सूर या वजिराने शेवटचा विस्तार केला, त्या भागात विटांऐवजी दगडावरच लाल रंग दिलेला आहे. रंग कुठून सुरू होतो ते मी न सांगता तुम्ही शोधून दाखवा.

आई, तुझ्यासाठी बाहेरचे संत्र्यांच्या झाडांचे अंगण आहे. प्रत्येक झाडाला आळे आहे आणि एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात पाणी न्यायला फरसबंदीतच पाट काढलेले आहेत. आपल्या परसातल्या आळ्यांवरून तू बाबांशी किती भांडली आहेस, ते मला तेथे उभी असताना आठवले.

चढ-उतार जवळजवळ नाहीत. मात्र जुन्या गल्ल्यांत नदीतले गोटे उभे बसवून फरसबंदी केलेली आहे, आणि माझ्या बॅगेचे एक चाक तेथेच निखळले. म्हणून राहण्याची सोय मी तटाबाहेर, टॅक्सी दारापर्यंत येईल अशा ठिकाणी केली आहे. आईने कापडी बूट न आणता जाड तळव्यांचे आणावेत.

जेवणाचे सांगते. रात्री साडेआठच्या आत येथे चूल पेटत नाही, तेव्हा पहिल्या रात्री तू आणलेले धपाटेच खाऊ. तूप आणि पेढे मात्र आणू नकोस, दूधदुभत्याचे पदार्थ बाहेरून युरोपात आणता येत नाहीत. टोमॅटो आणि पाव वाटून केलेले साल्मोरेखो नावाचे दाट, गार सार तेथे सर्वत्र मिळते. त्यावर डुकराचे मांस आणि अंडे पेरतात, ते नको म्हणून मी आधीच सांगेन. दुसऱ्या दिवशी दुपारी वांग्याचे तळलेले काप मागवू. त्यांवर उसाची काकवी घालतात. तू नाक मुरडशील आणि मग दुसरी बशी मागवशील.

तिकिटे मला दोन वेगवेगळी काढावी लागतील. पाचशे किलोमीटरनंतर मिळणाऱ्या आपल्या ‘ब्रेक जर्नी’सारखी, वाटेत उतरून त्याच तिकिटावर पुढे जाण्याची सवलत येथे गृहीत धरता येत नाही; तिकीट ठराविक गाडीचे आणि ठराविक आसनाचे असते, आणि गाडीत चढण्यापूर्वी बॅगा यंत्रातून तपासतात, त्यामुळे आपण अर्धा तास आधी पोहोचू. मिरजेला तीन गेज, म्हणजे दोन रुळांमधली तीन वेगवेगळी अंतरे, एकत्र पाहिलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट आवडेल: स्पेनचा जुना मार्ग १६६८ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा केवळ आठ मिलिमीटर अरुंद आहे, परंतु १९९२ साली माद्रिद-सेव्हिया वेगवान मार्ग उघडला तो १४३५ मिलिमीटरचा. आपली गाडी त्याच रुळांवरून धावेल.

मी स्वतः विमानतळावर न्यायला येईन. तिकिटांवर पासपोर्टप्रमाणेच नावे लागतात, म्हणून दोघांचीही नावे पासपोर्ट समोर ठेवून अक्षरशः जशी आहेत तशी शनिवारपर्यंत कळवा, आणि आईच्या पासपोर्टवर अजून माहेरचे आडनाव आहे का तेही पाहा. रविवारी मी तिकिटे काढते. बाबांना खिडकीची जागा मागते आहे.

तुमची,
मनू