शोक ‘आटोपता’ येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या अंकातील नाट्यपरीक्षण वाचता वाचता माझा चहा निवून गेला. ‘उत्तररामचरित’ या संस्कृत नाटकावर बेतलेल्या त्या एकपात्री प्रयोगाच्या प्रकाशयोजनेचे आणि अभिनेत्रीच्या आवाजाचे आपल्या परीक्षकांनी मोकळेपणाने कौतुक केले आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. परंतु मध्यंतरानंतरच्या भागाविषयी ‘हा शोक वीस मिनिटांत आटोपता आला असता’ असे जे वाक्य त्यांनी लिहिले आहे, ते काल सकाळपासून माझ्या डोक्यातून जात नाही. भांडी आटोपतात, स्वयंपाक आटोपतो, संध्याकाळी बँकेचा हिशेब आटोपतो. तो तर मी 34 वर्षे आटोपला. शोक कसा आटोपतात, हे परीक्षकांनी सविस्तर लिहिले असते तर माझ्यासारख्या अनेकांची सोय झाली असती.

आधी एक चूक दुरुस्त करणे भाग आहे. ‘पूरोत्पीडे तटाकस्य परीवाहः प्रतिक्रिया’ हा श्लोक परीक्षकांनी कालिदासाच्या नावावर घातला आहे. तो भवभूतीचा आहे. इतकेच नव्हे, तर ज्या उत्तररामचरितावर हा प्रयोग उभा आहे, त्याच्याच तिसऱ्या अंकातला आहे. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल मराठीत आणल्यापासून कालिदास आपल्या घरचा झाला हे खरे, पण म्हणून दिसेल तो संस्कृत श्लोक त्याच्या खात्यात जमा करायचा का? तळे तुडुंब भरले की सांडवा मोकळा करणे हाच उपाय, तसे शोकाने ढवळलेले हृदय विलापानेच तगून राहते, असा त्या श्लोकाचा भावार्थ आहे आणि तो सीतेला सांगते तमसा नदी. (पुराचे नदीला कळणार नाही तर कोणाला?) हा श्लोक परीक्षणाच्या आरंभी ठळक अक्षरांत छापायचा आणि खाली विलाप लांबला म्हणून नाक मुरडायचे, याला काय म्हणावे?

माझी पत्नी शाळेत संस्कृत शिकवत असे. ‘मुले गुणांसाठी संस्कृत घेतात आणि गुण मिळाले की सोडून देतात’ अशी तिची तक्रार असे, आणि तरीही ती दर वर्षी नव्या मुलांना त्याच उत्साहाने रामाची गोष्ट सांगत असे. ती गेल्यावर घरी येणाऱ्या प्रत्येकाने मला धीर दिला. रडू नका, तिच्या आत्म्याला त्रास होईल, असे एकाने सांगितले. दुसऱ्याने भजनी मंडळाची वेळ सांगितली. एका आप्ताने तर अष्टविनायकाच्या बसमध्ये माझी जागा परस्पर धरून ठेवली. सगळ्यांचा हेतू चांगला होता, पण सांडवा प्रत्येक जण बुजवत होता. तेराव्यानंतर तिच्या वह्या-पुस्तकांचा गठ्ठा रद्दीसाठी बांधला गेला होता, त्यातून मी उत्तररामचरिताची एक जीर्ण प्रत ओढून काढली. तिसऱ्या अंकाच्या समासात तिने पेन्सिलीने लिहिले होते : ‘इथे घाई करू नये. मुलांना गप्प बसू द्यावे.’ माझे संस्कृत अकरावीपर्यंतचे, म्हणजे नसल्यातच जमा. तिच्या टिपणांच्या आधाराने रोज रात्री एक पान, असे ते नाटक मी चार महिने वाचले. त्याने दुःख कमी झाले असे मी म्हणणार नाही. रडायला एक जागा मिळाली, एवढेच.

म्हणून, वडिलांच्या आजारपणात रुग्णालयाच्या बाकावर बसून हे नाटक वाचणाऱ्या मुलीची गोष्ट ती अभिनेत्री सांगू लागली तेव्हा मला ती परकी वाटली नाही. सीतेचा त्याग केल्यावर बारा वर्षांनी राम पंचवटीत येतो आणि ओळखीची झाडे, ओळखीचे मोर पाहून कोसळतो. सीता तिथेच आहे, पण भागीरथीच्या वरामुळे त्याला दिसत नाही. ती त्याला स्पर्श करते आणि तो शुद्धीवर येतो. रंगमंचावर बाई एकटीच. राम तीच, सीताही तीच. त्या क्षणी तिने आपलाच उजवा हात सावकाश उचलून आपल्याच कपाळावर ठेवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. परीक्षकांना हे ‘गोंधळात टाकणारे’ वाटले. एकट्या राहणाऱ्या माणसाला त्यात काहीही गोंधळाचे वाटणार नाही. अंगात कणकण आहे का, हे पाहायला गेली काही वर्षे माझाही हात माझ्याच कपाळावर जातो.

‘दुःखावर अभिजात नाटकाचा उतारा ही कल्पना पाश्चात्त्य उपचारपद्धतीतून उचललेली दिसते’ असाही एक शेरा परीक्षणात आहे. दुःखार्तांना आणि शोकार्तांना नाट्याने विश्रांती मिळेल, हे भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात सांगून ठेवले आहे. आणि उत्तररामचरिताच्या सातव्या अंकात तर खुद्द राम प्रेक्षक होऊन गंगेच्या काठी वाल्मीकींचे नाटक पाहायला बसतो, स्वतःचीच कथा पाहून इतका व्याकूळ होतो की, हे नाटक आहे, याची आठवण लक्ष्मणाला करून द्यावी लागते. परीक्षक तोवर नाट्यगृहात होते की पार्किंगमधून गाडी काढत होते, हे विचारण्याचा अधिकार मला नाही.

माझाही प्रयोग पूर्ण पाहून झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. मात्र त्याचे श्रेय आपल्या दैनिकाकडे जाते. रविवारच्या नाटकांच्या पानावर आपण या प्रयोगाची वेळ दुपारी 4.30 अशी छापली होती. प्रयोग 4 वाजता सुरू झाला. मेगाब्लॉक लक्षात घेऊन मी मुलुंडहून दोन तास आधी निघालो, दादरला उतरून पूल चढलो-उतरलो, नाट्यगृहाबाहेर बटाटावडाही न खाता आत गेलो, तर दारावरच्या मुलाने बॅटरीच्या उजेडात मला भर अंधारात सहा जणांच्या पायांवरून खुर्चीपर्यंत नेले. नांदी गेली, पहिला अंक जवळजवळ संपत आला होता. शिवाय त्या पानाचा टाइप हल्ली इतका बारीक झाला आहे की, 4 आणि 4.30 यांतला फरक भिंगाशिवाय कळू नये. आपण छापलेले मात्र 4.30 च होते. मी कात्रण जपून ठेवले आहे.

तेव्हा दोन विनंत्या. श्लोक भवभूतीचा आहे हा खुलासा, परीक्षण जेवढ्या अक्षरांत छापले तेवढ्याच अक्षरांत छापावा. आणि या प्रयोगाची पुढची तारीख जाहीर झाली की वेळ निर्मात्यांना फोन करून विचारून घ्यावी, कारण मी पुन्हा जाणार आहे आणि या खेपेला मला नांदीपासून बसायचे आहे.

कळावे,
आपला,
एक सेवानिवृत्त बँक कर्मचारी,
मुलुंड (पूर्व), मुंबई