दोन स्विच, एक शनिवार-रविवार

नाशिक

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

घरातली मशीन तारेनं एकमेकांना जोडणारा गिगाबिट स्विच (सेकंदाला 1000 मेगाबिटचा) बदलून 2.5 गिगाबिटचा घ्यावा का, असं तू फोनवर विचारलंस आणि मी घाईत "घेऊन टाक" म्हणालो. ते मनाला लागून राहिलं. म्हणून दोन्ही स्विच टेबलावर मांडले आणि सुट्टीचे दोन दिवस आयपर्फ3, म्हणजे नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम, चालवत बसलो.

शनिवारी निराशाच झाली. दोन गिगाबिट मशीनमध्ये जुन्यावर 941 मेगाबिट, नव्यावरही 941. हिशेब मांडला तेव्हा उलगडलं. 1500 बाइटचं पॅकेट तारेवर 1538 बाइटची जागा खातं आणि त्यात आपला खरा डेटा 1448 बाइट, म्हणजे 1000 मेगाबिटांतले सुमारे 941. याहून जास्त येणारच नाही. तारच भरलेली असते, स्विचचा कस लागतच नाही.

तो लागला रविवारी, वेगवान मशीनकडून हळू मशीनकडे डेटा पाठवताना. नासचं (नेटवर्कवर फाइली साठवणाऱ्या डब्याचं) नेटवर्क कार्ड 2.5 चं, माझा लॅपटॉप गिगाबिटचा. नासकडून अडीचपट वेगानं पाणी येतंय आणि पुढचा नळ बारीक. स्विचमधल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्याच्या जागेत, मावेल तेवढं मावतं, बाकीची पॅकेट स्विच टाकून देतो. आयपर्फ3 मधला पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांचा रकाना शून्यावर होता, तो भराभर चढायला लागला. फ्लो कंट्रोल (स्विचनं पाठवणाऱ्याला थांबवण्याची सोय) चालू केलं तर रकाना परत शून्य! मला केवढा आनंद झाला. पण त्याच वेळी नासवरून डेस्कटॉपवर चाललेली कॉपी मंदावली. लॅपटॉपसाठी स्विच नासला "थांब" म्हणतो, तेव्हा नास सगळ्यांसाठीच थांबतो. मी ते बंदच ठेवलंय.

आणि हो, खोक्यावरच्या "40 गिगाबिट क्षमते"ला भुलू नकोस. आठ पोर्ट, 2.5, दोन्ही दिशा, एवढाच तो गुणाकार आहे. बफर किती, ते विचार. बहुतेक खोक्यांवर ते छापलेलंच नसतं, म्हणून परत करता येईल अशा ठिकाणाहून घे.

तुझं व्हिडिओचं काम नासवरूनच चालतं, तेव्हा तुला फरक पडेल: 2.5 च्या दोन कार्डांमध्ये मला 2.35 गिगाबिट मिळाले. पण डेस्कटॉपलाही तसं कार्ड हवं, नुसता स्विच बदलून काही होणार नाही. भिंतीतली कॅट 5ई वायर मात्र उकरू नकोस, ती 100 मीटरपर्यंत हा वेग पेलते. कॅमेरे आणि टीव्ही जुन्या स्विचवरच राहू देत, त्यांना तो भरपूर आहे.

दिवाळीत येशील तेव्हा तुझा नास घेऊन ये, इथेच लावून बघू. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
मिलिंद