१७ सांध्यांचा रोबो आणि १६ जागांचा बोर्ड: ह्युमनॉइड किटबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय : ह्युमनॉइड रोबो किटबद्दल विक्रीपानावर दिलेली चुकीची व अपुरी माहिती, किट परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचे १७ सांध्यांचे ह्युमनॉइड किट मी घेतले. पावतीची प्रत, फोटो आणि आपल्या सेवा विभागाशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. खोक्यातला एखादा स्क्रू कमी निघाला किंवा ब्रॅकेट वाकडा निघाला, तर त्यासाठी मी पत्र लिहीत बसले नसते. माझी तक्रार वेगळी आहे. हे किट घ्यावे की नाही हे ठरवण्यासाठी ज्या चार-पाच गोष्टी कळायला हव्यात, नेमक्या त्याच आपण विक्रीपानावर दडवल्या आहेत किंवा फिरवून लिहिल्या आहेत.

आधी सर्व्होंचे, म्हणजे सांधे हलवणाऱ्या मोटरींचे, पाहू. पानावर 'टॉर्क १२ किलो-सेंमी' एवढेच छापले आहे. हा आकडा स्टॉल टॉर्कचा आहे, म्हणजे शाफ्ट जागच्या जागी अडकलेला असताना मोटर लावू शकते त्या फिरवण्याच्या जोराचा, हे कुठेही लिहिलेले नाही. तो ६ व्होल्टला मोजलेला आहे हे मला सर्व्होवरच्या लेबलवरून, म्हणजे खोके उघडल्यावर कळले. आपला पॉवर बोर्ड मात्र सर्व्होंना ५ व्होल्टच देतो. व्होल्टेज उतरले की टॉर्कही साधारण त्याच प्रमाणात उतरतो, म्हणजे १२ चे १० झाले. सतत भार पेलायचा असेल तर स्टॉल टॉर्कच्या सुमारे एक तृतीयांशावरच भिस्त ठेवायची, असा या छंदातल्या लोकांचा ठोकताळा आहे. म्हणजे हाती राहिले तीन-साडेतीन किलो-सेंमी.

आता गुडघा. बॅटरीसह रोबोचे वजन आपणच १.९ किलो दिले आहे. एका पायावर उभे राहताना त्या पायाची नडगी आणि पाऊल सोडले, तर बाकी सगळा भार गुडघ्यावर येतो. तो सुमारे १.६ किलो भरतो. आपल्याच चालण्याच्या फाइलमध्ये जी मुद्रा आहे, तिच्यात गुडघा या भाराच्या रेषेपासून अंदाजे ५ सेंमी पुढे येतो. लागणारा टॉर्क म्हणजे भार गुणिले अंतर: १.६ गुणिले ५ म्हणजे ८ किलो-सेंमी. हा नुसता उभे राहण्याचा हिशेब आहे, पाऊल टाकताना बसणारा धक्का यात धरलेलाच नाही. सर्व्हो थरथरतात, तापतात आणि काही वेळाने पाय दुमडून रोबो खाली बसतो, यात आश्चर्य ते काय! हा गुणाकार आपल्या अभियंत्यांनी केला नसेल यावर माझा विश्वास नाही.

शिवाय सर्व्होंना वीज पुरवणारा रेग्युलेटर ५ अँपिअरचा आहे. अडत आलेला एकेक सर्व्हो दोनेक अँपिअर सहज ओढतो. दोन्ही गुडघे आणि एखादा घोटा एकदम भाराखाली आले की व्होल्टेज पडते, कंट्रोलर रीसेट होतो आणि रोबो आडवा. आपल्या सेवा विभागाने यावर 'फर्मवेअर (कंट्रोलरमधले सॉफ्टवेअर) अपडेट करा' असे कळवले. फर्मवेअरने अँपिअर वाढत नाहीत.

पानावर 'स्मार्ट सर्व्हो' असाही शब्द आहे. या क्षेत्रात त्याचा अर्थ ठरलेला आहे: एकाच सामायिक जोडणीवर साखळीने बोलणारे, आपली स्थिती, तापमान आणि भार परत सांगणारे बस सर्व्हो. खोक्यात निघाले साधे पीडब्ल्यूएम, म्हणजे पल्सच्या लांबीवर चालणारे सर्व्हो. त्यांना १ ते २ मिलिसेकंदांचा पल्स द्यायचा आणि ते कुठे पोहोचले हे देवाला ठाऊक. फोटो पाहून ग्राहकाने हे ओळखायला हवे होते, असे आपल्या प्रतिनिधीने फोनवर सुचवले. कसे ओळखणार? पीडब्ल्यूएम सर्व्होला तीन तारा असतात आणि टीटीएल प्रकारच्या बस सर्व्होलाही तीनच असतात.

निवड करताना मी हे किट इतरांशी ताडून पाहिले होते. बायोलॉइड प्रीमियम या ह्युमनॉइड किटमध्ये १८ एएक्स-१२ए सर्व्हो होते. त्यांच्या माहितीपत्रकात १.५ न्यूटन-मीटर हा आकडा 'स्टॉल टॉर्क' म्हणूनच दिला आहे, आणि त्याच ओळीत १२ व्होल्ट व १.५ अँपिअरही छापले आहे. ते १.५ न्यूटन-मीटर किलो-सेंमीत सुमारे १५ होतात. आपले १२ आणि त्यांचे १५ असे शेजारी ठेवले की फरक थोडा वाटतो, आणि खरा फरक (आपल्या बोर्डवर १० विरुद्ध १५) झाकला जातो. तुलना करणाऱ्या ग्राहकाची दिशाभूल होते ती अशी.

१७ सांध्यांचेही तसेच. पायात पाच-पाच, हातात तीन-तीन आणि मान एक, हा हिशेब जुना आणि चांगला आहे. २००४ सालच्या केएचआर-१ या ह्युमनॉइड किटमध्येही १७ च सर्व्हो होते. पण आपल्या किटमधला सर्व्हो बोर्ड आहे १६ चॅनेलचा, म्हणजे १६ सर्व्होंपुरता, आणि तोही एकच! मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सूचना आहे की, मानेचा सर्व्हो बसवावा, वायर मोकळी ठेवावी. म्हणजे मान आहे, पण ती वळत नाही. असाच दुसरा बोर्ड वेगळा पत्ता (ओळख क्रमांक) देऊन जोडता येतो हे मला माहीत आहे, पण तो खोक्यात असायला हवा होता.

'जागेवर वळतो' हा दावाही तपासून पाहा. पायात पाचच सांधे असले तर मांडी उभ्या अक्षाभोवती फिरवणारा सांधा नसतो. मग तळवे जमिनीवर घासत, घसरत वळावे लागते. गुळगुळीत फरशीवर ते कसेबसे जमते, सतरंजीवर नाही. आपल्या व्हिडिओतला रोबो मात्र ऐटीत वळतो. चित्र थांबवून पाहिले तर त्याच्या कमरेखाली प्रत्येक पायाला एक जास्तीचा सर्व्हो दिसतो. विकायला ठेवलेले मॉडेल ते नव्हेच. तो थांबवलेला फोटोही सोबत आहे.

घोट्याच्या गिअरमध्ये नव्या कोऱ्या अवस्थेत जवळजवळ २ अंशांची ढिलाई आहे. ३६ सेंमी उंचीच्या रोबोत एवढ्यानेच डोके सव्वा सेंमी इकडेतिकडे होते. स्वस्त सर्व्होंत हे चालायचेच, त्यावर मी अडून बसत नाही.

बॅटरीवर मात्र अडून बसणार आहे. दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि तिच्यासोबत बॅलन्सिंग (दोन्ही सेल सारखे चार्ज करण्याची सोय) नसलेला चार्जर, ही जोडी आपण छंदाच्या किटमध्ये घालता कशी? ८.४ व्होल्टला चार्जर थांबला, तरी एक सेल ४.२ च्या वर आणि दुसरा खाली असू शकतो, आणि जास्त चार्ज झालेला सेल फुगतो, पेटही घेऊ शकतो. बॅलन्सची बारीक वायर बॅटरीला आहे, चार्जरला मात्र ती लावायला जागाच नाही. सेल ३ व्होल्टच्या खाली उतरू नये म्हणून इशारा देणारा साधा बझरही दिलेला नाही. खोक्यावर 'वय १० वर्षे व पुढे' असे लिहिले आहे.

सेवा विभागाचे शेवटचे उत्तर असे : 'वजन कमी करण्यासाठी दोन्ही हातांचे सर्व्हो काढून पाहावेत.' हात काढले, मान आधीच स्थिर. मग मी दोन पायांचे स्टूल विकत घेतले असे समजायचे का?

मला पूर्ण रक्कम परत हवी आहे आणि किट परत नेण्याचा खर्च कंपनीने करावा. बदली म्हणून याच प्रतीचे दुसरे किट किंवा पुढच्या खरेदीवरची सवलत मी स्वीकारणार नाही. त्याबरोबरच विक्रीपानावर टॉर्कपुढे व्होल्टेज आणि 'स्टॉल' हा शब्द, सर्व्होचा खरा प्रकार, बोर्डचे चॅनेल व रेग्युलेटरची क्षमता लिहावी आणि दुसऱ्या मॉडेलचा व्हिडिओ काढावा. हे किट आधी ज्यांनी घेतले आहे, त्या सगळ्यांना चार्जरबद्दल लेखी सूचना पाठवून बॅलन्स चार्जर द्यावा. ही मागणी माझी रक्कम परत मिळाली तरी कायम राहील.

उत्तर फोनवर नको, लेखी द्यावे. सगळे सुटे भाग मोजून, यादीसह खोक्यात भरले आहेत. बॅटरी वेगळी ठेवली आहे; ती नेण्यासाठी योग्य पॅकिंग घेऊनच माणूस पाठवावा आणि तो कधी येणार ते आधी कळवावे.

आपली,
एक ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, सर्व्हो लेबल, बोर्ड व चार्जरचे फोटो, व्हिडिओतील थांबवलेले चित्र, पत्रव्यवहार