झोपेची गोळी पहिला उपाय नव्हे

महोदय,

स्मृतिभ्रंश झालेलं माणूस संध्याकाळी आरडाओरडा करू लागलं की सगळे सांगतात, ‘झोपेची गोळी आणा.’ आमच्या वडगावात तर उताराही सुचवला गेला. माझे सासरे जन्मभर मागावर बसलेले. दिवेलागणीला दार ठोठावतात, ‘मालक वाट बघत असेल, साडी पुरी करायची आहे.’ ‘मामा, तो माग कधीच मोडीत गेला’ म्हटलं की जास्त चिडतात. म्हणून मी सुताच्या लडी आणि रिकाम्या कांड्या पुढ्यात ठेवते. हात चालू लागले की शांत होतात. (नंतर गुंता सोडवायचं काम माझं!)

मध्यंतरी त्यांनी अचानक हात उगारला. तपासणीत लघवीचं इन्फेक्शन निघालं. दुखणं, बद्धकोष्ठता, ऐकू न येणं त्यांना सांगता येत नाही. ते वागण्यातून बाहेर पडतं. उग्रपणा आवरायच्या काही औषधांनी अशा रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, हे किती घरांना सांगितलं जातं?

आणखी एक. एका दवाखान्यात त्यांची स्मृतीची चाचणी कन्नडमध्ये घेतली. मामांना बाजारापुरतं कन्नड येतं. आठवड्याचे वार उलट्या क्रमाने विचारल्यावर ते गप्प बसले, गुण कमी पडले. मराठीत बरंच सांगतात. सीमाभागातल्या सरकारी रुग्णालयांत कन्नड, मराठी, उर्दू अशा तिन्ही प्रश्नावल्या हव्यात. यात राजकारण आणू नये. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हे मदतीचे फोन क्रमांकही आशाताईंनी घरोघरी पोचवावेत. सांभाळणाऱ्या सुना-लेकींनाही कुणाशी तरी बोलायचं असतं.

– एक सून, वडगाव, बेळगाव